मांडवापासून लांब लावायची गाडी

लगीनसराई सुरू झाली की मी घराच्या खिडक्या लावून घेते. चिकलठाण्यात, जालना रोडच्या आतल्या बाजूला आमचं तळमजल्यावरचं घर आहे आणि आजूबाजूला जिकडं बघावं तिकडं मंगल कार्यालयं. सकाळी सनई, भर दुपारी मंगलाष्टकं, संध्याकाळी डीजे. खिडकी लावली की जीव उकडून निघतो, उघडली की ‘मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे’ अशी माईकवरची हाक थेट स्वयंपाकघरात येते. रस्त्यावरचं डांबर पाघळलेलं असतं. जनरेटरचा धूर, मोगरा, मठ्ठा आणि घामानं भिजलेले फेटे या सगळ्यांचा मिळून एक वास तयार होतो आणि तो पावसाळा लागेपर्यंत पडद्यांतून जात नाही.

शेजारणी म्हणतात, हिचं स्वतःचं लग्न मोडलं म्हणून हिला दुसऱ्याची लग्नं सोसत नाहीत. म्हणोत बापड्या. माझं लग्न मोडलं तेव्हा मी मोकळा श्वास घेतला होता, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मला लग्नाचा राग नाही. लग्नघरातल्या माणसांचा आहे, आणि तो कुठल्या दिवशी आला तेही मला पक्कं ठाऊक आहे.

बाहेर, कंपाउंडच्या भिंतीला लागून, कचऱ्याच्या डब्यांशेजारी आमची गाडी उभी असते. ती पूर्वी ॲम्ब्युलन्स होती. माणूस नोकरीतून निवृत्त झाला की त्याला शाल-नारळ देतात, गटात फोटो काढतात. ॲम्ब्युलन्स निवृत्त झाली की तिला कडुनिंबाखाली लावून विसरून जातात. मी ती विकत घेतली, माझ्या नावावर केली, आणि आजही दर रविवारी सकाळी तिचं इंजिन चालू करून थोडा वेळ तशीच बसते, बॅटरी उतरू नये म्हणून. येणारेजाणारे विचारतात, ‘विकून का नाही टाकत?’ मी म्हणते, ‘घेता का?’ मग त्यांना एकदम कुठंतरी जायची घाई होते.

ती गाडी मी मायसाठी घेतली. माय म्हणजे माझी आई. गच्चीवर कुरडया घालून उतरताना शिडीवरून पडली आणि मणका गेला. कमरेखाली जाणीव उरली नाही. उशांना टेकवून बसवलं तर जेवण होईपर्यंत कशीबशी बसते, मग डोळ्यांपुढं अंधारी येते. रिक्षा, कार, एसटी, सगळं त्या दिवसापासून बंद झालं. वडील लवकर गेले, त्यानंतर हिनं डोक्यावर पाट्या घेऊन बाजार केले, उन्हातान्हात फिरली, एका जागी कधी बसली नाही. तिच्या वाट्याला एक कॉट आणि एक छत आलं.

‘संगे,’ एकदा ती म्हणाली, ‘ह्या छताकडं बघून बघून मला वीट आलाय. कुठंतरी ने मला.’

‘कुठं नेऊ?’

‘दवाखाना सोडून कुठंबी. एखाद्या लग्नाला ने. चार माणसं तरी दिसतील.’

मी ॲम्ब्युलन्सवाल्यांना फोन लावले. पलीकडचा माणूस विचारी, कुठला दवाखाना? मी म्हणे, दवाखाना नाही, लग्न. ‘मॅडम, सकाळी सकाळी चेष्टा करू नका,’ असं म्हणून एकानं फोन ठेवला. दुसऱ्यानं जरा समजुतीनं घेतलं. म्हणाला, ‘पेशंटला नेतो ताई, पण पाहुण्याला कसं न्यायचं?’ आडवं पडलेलं माणूस पाहुणा असू शकतं हे त्याच्या हिशेबातच नव्हतं.

वाळूजला एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. दिवसभर सुट्या भागांत असल्यामुळं यंत्राची मला भीती नाही. तिथल्याच एका मैत्रिणीनं सांगितलं की एका धर्मादाय संस्थेची जुनी ॲम्ब्युलन्स मोडीत निघायच्या बेतात आहे. बघायला गेले तेव्हा चारही चाकं बसलेली, टपावर निंबोळ्यांचा खच, आत एक मांजर व्यालेलं. मी पिल्लं मोठी होईस्तोवर थांबले आणि मग गाडी ओढून चाचांच्या गॅरेजवर आणली. चाचा म्हणजे आमच्याच भागातले म्हातारे मेकॅनिक, मला बाजी म्हणजे ताई म्हणणारे. त्यांनी बॉनेट उघडून बराच वेळ डोकं आत घातलं आणि मग हात पुसत म्हणाले, ‘इंजन मस्त है, बाजी. पन एक बात बोलूं? इस गाडी में कित्ते लोगां रोते रोते बैठे होंगे. इसकू देख के लोगां का दिल घबराता.’

‘तुम्हाला नाही घबराता?’

‘मेरे कू कायकू? मैं तो इंजन देखता.’

आरटीओत खेपा घालून ती खासगी गाडी म्हणून चढवून घेतली. सायरन काढला, वरचा दिवा काढला, लाल पट्टे खरवडून सगळ्या गाडीला सायीसारखा रंग मारला. पण उंच टप, अर्ध्यापर्यंत दुधी काचा आणि मागचं दोन झडपांचं दार कुठं लपवणार? त्यातून ऊन तिरपं पडलं की रंगाच्या खालून जुनी अक्षरं उमटतात. आतला वास तर कशानंच गेला नाही. फिनेल झालं, लिंबू झालं, कापूर झाला, कडुनिंबाच्या पाल्याची धुरी झाली. पाऊस आला की तो स्पिरिटचा, जुन्या रेक्झिनचा आणि कुणाकुणाच्या भीतीचा वास पुन्हा वर येतो. स्ट्रेचरच्या चाकांना मी स्वतः ग्रीस लावायची, रुळातली धूळ जुन्या टूथब्रशनं काढायची. सलाइन अडकवायच्या हुकाला मायनं आपली पिशवी अडकवली. त्यात चष्मा, रुमाल आणि सुपारीची डबी. ‘बरं हाय की हे,’ म्हणाली, ‘उशाला खुंटी.’

सोसायटीला मात्र ते बरं वाटलं नाही. सेक्रेटरी घरी आले, चहा घेतला आणि कप खाली ठेवून म्हणाले, ‘ताई, गैरसमज नका करून घेऊ. आमच्या मुलीला बघायला पाहुणे येतात. दारात अशी गाडी बरी दिसत नाही.’ म्हणून ती कचऱ्याच्या डब्यांजवळ गेली. पुढं त्यांचेच वडील न्हाणीत घसरून पडले तेव्हा तेच सेक्रेटरी बनियनवर धावत आले आणि मीच त्यांना दवाखान्यात पोहोचवलं. नंतर काही दिवस गाडी गेटजवळ उभी राहिली तरी कुणी बोललं नाही. म्हातारे बरे होऊन फिरायला लागले आणि मला पुन्हा निरोप आला, गाडी डब्यांकडं घ्या.

पहिल्यांदा मायला घेऊन मी औरंगपुऱ्यात गेले. काही घ्यायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं. काचेचा खालचा भाग दुधी असल्यामुळं पडल्या पडल्या तिला फक्त वरचं जग दिसायचं, म्हणजे विजेच्या तारा, दुकानांच्या पाट्या, गच्चीवर वाळणारे कपडे, कबुतरं. त्या गर्दीत एरवी मुंगीला वाट मिळत नाही. पण समोरच्या रिक्षानं आरशात बघितलं आणि ती बाजूला झाली. मग स्कूटर, मग हातगाडी. एका म्हाताऱ्यानं छातीला हात लावून नमस्कार केला. मी सायरन वाजवला नव्हता, वाजवायला तो नव्हताच.

‘संगे, गाडी कुठंच थांबंना कामून?’ मायनं मागून विचारलं.

‘लोक बाजूला व्हायलेत.’

‘माझ्यासाठी?’

मी हो म्हटलं. ती म्हणाली, ‘जलमभर कुणी झालं नाय.’ आणि हसली. ती पडल्यानंतर तिचं असं हसणं मी पहिल्यांदा ऐकत होते.

त्या उन्हाळ्यात मग आम्ही निघालोच. दौलताबादचा किल्ला तिनं काचेतून नुसत्या टोकापुरता बघितला. एका रसवंतीपाशी मागची दारं उघडून तिनं पडल्या पडल्या नळीनं उसाचा रस प्याला आणि घुंगरांचा आवाज ऐकत राहिली. चुलतभावाच्या मुलाच्या लग्नाला जालना रोडवरच्या कार्यालयात गेलो. तिथं मात्र भाऊ लगबगीनं पायऱ्या उतरून आला. ‘काकूला आणलंस, लई बरं केलंस. पण गाडी जरा तिकडं लाव, जनरेटरच्या मागं. नवरीकडची माणसं यायचीत.’ जनरेटरच्या धडधडीत, त्याच्या गरम धुरात, मायनं गाडीतच लग्नाचं जेवण घेतलं. कुणी भेटायला आलं नाही असं नाही. दोघी-तिघी बायका आल्या, दारातूनच ‘बरी हायेस ना’ म्हणाल्या आणि आत न डोकावता परत गेल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. माय म्हणाली, ‘वांग्याच्या भाजीत मीठ जास्त हाय.’ एवढंच. तिला लागलं नाही असं मी समजले, कारण तसं समजणं सोयीचं होतं.

आणि मग मामाच्या मुलीचं लग्न निघालं.

मामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ. आजी बाळंतपणात गेली आणि हा गोळा मायच्या कडेवर आला. माय तेव्हा परकरात होती. तिनं त्याला शेळीचं दूध पाजून वाढवला, त्याच्यासाठी शाळा सोडली, त्याचं लग्न ठरेपर्यंत माहेरच्या खेपा थांबवल्या नाहीत. फुलंब्रीच्या पुढं त्याचं गाव. शेती चांगली, घर स्लॅबचं, दारात ट्रॅक्टर. माय पडली तेव्हा तो एकदा येऊन रडून गेला होता. मामी आली नाही, तिचे गुडघे दुखत होते. त्यानंतर येणं कमी झालं, फोन राहिला, मग फोनही सणावारापुरता राहिला. ही गाडी घेतल्याचं त्याला आम्ही कधी सांगितलंही नव्हतं. लग्नाची पत्रिका मोबाइलवर आली आणि पाठोपाठ मामाचा आवाज: ‘संगे, अक्काला सांग सारिकाचं लगीन ठरलंय. पण तिला आणायचं मनात आणू नको बरं का. उन्हाचं हाल होतील तिचे. आम्हीच नवरानवरीला घेऊन येऊ पाया पडायला.’

मायनं तो आवाज परत परत लावायला सांगितला. मग म्हणाली, ‘मी जाणार. पोरीच्या डोक्यावर आत्याच्या हातच्या अक्षता पडल्या पाहिजेत. आडवी का होईना, पण मला मांडवात न्यायचं. जनरेटरच्या मागं नाय.’

तेव्हा मला कळलं की जनरेटर तिच्या मनात किती खोल गेला होता.

‘मामाला फोन करून कळवते मग.’

‘नको. कळवलं तर तो नको म्हणंल. दारात गेल्यावर कोण नको म्हणतंय.’

माणसाला आपल्या माहेराबद्दल एवढी खात्री असते. म्हातारपणीही असते.

निघायच्या दिवशी पहाटेपासून तिची घाई. न्हाऊ घालून झालं, केस विंचरून झाले, ठेवणीतली अंजिरी साडी नेसवली. स्ट्रेचरवर नवी चादर घातली. चाचांनी आदल्या दिवशी ब्रेक बघून दिले होते. हर्सूल मागं पडलं तसं मायनं वरच्या काचेतून गाव ओळखायला सुरुवात केली. तिला रस्ता दिसत नव्हता, नुसते झाडांचे शेंडे दिसत होते. ‘ही चिंच म्हणजे नाक्याची. आता वड लागंल. वड नाय? तोडला असंल मेल्यांनी.’ गरम वारा आत येत होता, शेतं नांगरून पडलेली होती, मातीचा रंग भाजलेल्या भाकरीचा झाला होता. ती गुणगुणत होती. लहानपणीची कुठलीशी ओवी होती, शब्द मला लागत नव्हते.

गावाच्या तोंडाशी नळावर बायका होत्या. त्यांतल्या एकीनं गाडी बघितली, चालवणारी मी बघितली आणि हातातली घागर तशीच खाली ठेवली. ‘अगं बाई! अक्काला आणली!’ असं काहीतरी ओरडून ती गल्लीत पळाली. मला वाटलं आनंदानं पळाली. मी हात हलवला.

पुढं वळणावर वऱ्हाडाचा ट्रॅक्टर आडवा लागला होता. मांडव दिसत होता, भगव्या-पिवळ्या कनातीचा. स्पीकरवर गाणं चालू होतं. गाडी थांबवून मी खाली उतरणार तोच मामाच्या घराच्या मागच्या अंगणातून रडणं ऐकू आलं. मोठ्यानं नाही, तोंडात पदराचा बोळा घालून रडतात तसं. मामीचा आवाज मी ओळखला. गाडीपासून हातभर अंतरावर, कुडाच्या पलीकडं, ती बायकांच्या घोळक्यात बसून आळवत होती. ‘अक्का गं माझी... आईच्या मागं आई झालीस गं... पोरीच्या अक्षता बघायच्या राहिल्या गं तुझ्या...’

मला आधी काही समजेना. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गावात ॲम्ब्युलन्स दोनच वेळा येते, पेशंट न्यायला नाही तर मयत आणायला. आणि न्यायला कुणी बोलावलं नव्हतं.

मी खिडकीची काच पूर्ण खाली केली तेवढ्यात मामा आला. डोक्यावर केशरी फेटा, कपाळाला हळदीकुंकू, छातीला वधूपित्याचं फूल. धावत आल्यानं त्याला धाप लागली होती आणि डोळे पाण्यानं भरले होते. त्यानं दारावर दोन्ही हात ठेवले.

‘मामा, अरे...’

‘बोलू नको!’ तो कुजबुजत ओरडला. ‘संगे, तुझ्या पाया पडतो, तोंडातून शब्द काढू नको. तू सांगितलं नाय, मी ऐकलं नाय. वरात वेशीवर आलीय. सुतक लागलं तर लगीन मोडंल माझ्या पोरीचं. सोयरे लई कडक हायेत. गाडी फिरव. अक्षता पडू दे, पोरगी नांदायला जाऊ दे, मग मी येतो. सगळे येतो. तोवर मला काय माहीत नाय.’

आमच्याकडं हे असंच असतं. मयताची बातमी कानावर पडली की सुतक, पडली नाही तोवर काही झालेलंच नाही. लग्नघरात अशा बातम्या दाराबाहेर थांबवून ठेवतात, तारा आणि टेलिफोन होते तेव्हाही ठेवत. मी हे ऐकून होते. पण बातमी स्वतः आत पडून ऐकते आहे, हे माझ्या बाबतीत घडत होतं.

मी मागं वळून पाहिलं. ड्रायव्हरच्या पाठीमागं एक छोटी सरकती खिडकी आहे. त्यातून मायचा चेहरा दिसला. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तोंड उघडणार, दार उघडणार, त्या फेटेवाल्याला मानगुटीला धरून आत दाखवणार, हे तिला माझ्याकडं बघूनच कळलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं. मग हातानंच खूण केली, फिरव.

मामा अजून दाराला धरून उभा होता. मागची काच त्याच्यापासून दोन पावलांवर होती. नुसती टाच उंच केली असती तर बहिणीचे उघडे डोळे त्याला दिसले असते. त्यानं मान तिकडं वळवली नाही. फेट्याचा शेमला डोळ्यांना लावला आणि रस्त्याकडं बघत राहिला, कुणी पाहत तर नाही ना म्हणून. मी त्याला रडताना बघितलं आणि ते रडणं खोटं नव्हतं. म्हणूनच मला त्याची जास्त किळस आली.

गाडी मागं घेतली. वरात खरंच वेशीवर आली होती. बँडवाल्यांनी आम्हाला बघून वाजवणं बंद केलं, लोक दोन्ही बाजूंना झाले, घोड्यावरच्या नवऱ्यापुढं कुणीतरी छत्री आडवी धरली. सगळ्यांनी वाट दिली. एवढी मोठी वाट मायला तिच्या माहेरात कधी मिळाली नव्हती.

फुलंब्री ओलांडल्यावर मी गाडी एका बाभळीखाली लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले.

‘तू कामून रडायलीस?’ माय आतून म्हणाली. ‘मेले मी.’

‘दार का नाही उघडू दिलंस? त्याला सगळ्यांपुढं उघडा पाडायचा होता मला.’

‘पोरीच्या लग्नात? तिचा काय गुन्हा? सासरचे जलमभर हसले असते, आत्या मयताच्या गाडीतून उठून बसली म्हणून.’ मग म्हणाली, ‘तुझी मामी रडती मात्र चांगली. मी जिती असताना एकदा आली नाय गं. गुडघे दुखतात म्हणं. आज तर परसात पळत आली.’ अक्षतांची पुरचुंडी तिच्या मुठीत होती. ती तिनं सोडली आणि तांदूळ खिडकीतून बाभळीखालच्या चिमण्यांना टाकले. मी पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही. घरी पोचल्यावर एवढंच म्हणाली, फोन बंद ठेव.

दिवेलागणीला मामा आला. भाड्याच्या जीपमधून चौघा भावकीतल्या माणसांना घेऊन. जीपचं दार वाजलं तसं त्यानं बाहेरूनच हंबरडा फोडला, ‘अक्काऽऽ’. आमचं दार सताड उघडं होतं. समोर कॉटवर उशांना टेकून माय बसली होती आणि बशीतून चहा पीत होती. मामा उंबऱ्यात जागच्या जागी थिजला. त्याच्या मागची माणसं त्याच्या पाठीवर आदळली. कुणाच्या तरी तोंडून ‘राम राम’ निघालं. ते भीतीनं निघालं की सवयीनं, कुणास ठाऊक.

मायनं बशी खाली ठेवली. ‘लगीन लागलं का नीट?’

मामानं मान हलवली.

‘पोरगी रडली का जाताना?’

‘रडली,’ तो कसाबसा म्हणाला आणि उंबऱ्यातच खाली बसला. ‘अक्का... मला वाटलं...’

‘ठाऊक हाय काय वाटलं. काखेत काय हाय तुझ्या?’

त्याच्या काखेत कागदात गुंडाळलेली साडी होती. बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं वस्त्र माहेरचं पडतं. घाईगर्दीत, दुकानं बंद असल्यानं, त्यानं ती लग्नातल्या आहेराच्या गठ्ठ्यातूनच उचलून आणली होती. कागदावर मामीच्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी टाचलेली तशीच राहिली होती, ‘आत्या’ एवढाच शब्द. म्हणजे तिच्यासाठी मानाची साडी घेऊन ठेवली होती. ती येणार नाही हे धरून, पण घेतली होती.

मायनं हात पुढं केला. मामानं गुडघ्यांवर सरकत ती तिच्या हातात दिली. तिनं कागद सोडला, पदर दोन बोटांत धरून पोत बघितला, काठावरून अंगठा फिरवला.

‘ही मानाची समजू का मयताची?’

मामा तिच्या कॉटच्या कडेला डोकं आपटून रडायला लागला. एरवी त्याच्या पाठीवर पहिला हात मायचा पडायचा. तो त्या दिवशी पडला नाही. ती म्हणाली, ‘संगे, चहा टाक सगळ्यांना. लांबून आलेत.’

त्या दिवसानंतर माय गाडीत बसली नाही. मी खूपदा विचारलं, दौलताबाद, पैठण, निदान रसवंती. ती म्हणायची, ‘फिरून झालं माझं.’ पावसाळा गेला, पुन्हा लगीनसराई आली, पुन्हा गेली. छताकडं बघायची तिनं आपणहून सवय केली. मी स्ट्रेचरला ग्रीस लावत राहिले. मामा दर दिवाळीला येतो, फळं आणतो, खाली मान घालून बसतो. चाचा म्हणतात, ‘बाजी, टूर का काम शुरू करो, नई तो बेच डालो.’ मामाला मी माफ केलेलं नाही. करायचं म्हणून बघितलं, जमत नाही. लोक म्हणतात, बिचाऱ्याची चूक झाली, लेकीच्या बापाचा जीव तो. असेल. माझ्या डोळ्यांपुढं मात्र त्याची ती न वळलेली मान येते.

गेल्या आठवड्यात तो पुन्हा आला. या वेळी मुलाचं लग्न. पत्रिका मोबाइलवर पाठवली नाही, हळदीकुंकू लावून स्वतः घेऊन आला, मामीलाही आणलं. मामी आल्या आल्या मायच्या पायांवर वाकली आणि गुडघे धरून उठली. मामा म्हणाला, ‘अक्का, मांडवात मधोमध खाट टाकतो तुझ्यासाठी. गाडी दारापर्यंत आण संगे, कोण काय म्हणतंय मी बघतो.’ माय ऐकत होती. पत्रिका तिनं उशीखाली ठेवली, बरं म्हणाली, आणखी काही बोलली नाही. मला खात्री होती की हे ‘बरं’ म्हणजे ‘नाही’.

ते गेल्यावर मी खिडकी लावायला उठले. बाहेर कुठल्यातरी कार्यालयात मुलीच्या मामाला बोलावणं चाललं होतं.

‘राहू दे उघडी,’ माय म्हणाली. ‘गाडी चालू होती ना?’

‘होते की. दर रविवारी करते.’

‘मग ब्रेक बघून घे. आन् कपाटातली ती साडी काढ. अजून घडी मोडली नाय तिची.’

‘कुठली?’ मी विचारलं, कळलं होतं तरी.

‘त्यानं मला नेसवायला आणलेली. ती नेसून बसंन मी त्याच्या मांडवात, मधोमध. अक्षता पडस्तोवर बघू दे त्याला माझ्याकडं.’